रस्त्यावर राहणाऱ्यांसाठी आठवड्यातून एकदा रात्रीचे जेवण : इंदुरात सुरुवात कशी करावी?

राजेंद्रनगरकर (प्रश्न)

सर्वांना सादर नमस्कार. राजेंद्रनगर आणि लोकमान्य नगर या भागांतील आम्ही दहा-बारा जण, ज्यांत बहुतेक निवृत्त आणि काही नोकरी करणारे आहेत, इंदुरात उघड्यावर राहणाऱ्या लोकांसाठी आठवड्यातून एकदा रात्रीचे जेवण स्वतः शिजवून वाढावे असा विचार करीत आहोत. दत्तजयंतीच्या आणि गणेशोत्सवाच्या महाप्रसादाचा स्वयंपाक आमच्यापैकी अनेकींनी वर्षानुवर्षे केला आहे, त्यामुळे शंभर-सव्वाशे पानांचा अंदाज बांधणे आम्हांला अवघड नाही. परंतु मंदिराच्या आवारात, हाताशी नळ, भांडी आणि छप्पर असताना केलेला स्वयंपाक आणि रात्री रस्त्याच्या कडेला नेऊन वाढायचे जेवण यांत बराच फरक असणार, आणि तो फरक अनुभवी माणसांकडून आधीच समजून घ्यावा म्हणून हा प्रश्न विचारीत आहे.

सरवटे बसस्थानक, रेल्वे स्थानक आणि महाराजा यशवंतराव रुग्णालय, म्हणजे आपले एम. वाय., या परिसरात संध्याकाळी फिरून आम्ही थोडी पाहणी केली. तेथे झोपणारे सगळे एकसारखे नाहीत, हे पहिल्याच फेरीत लक्षात आले. काही वृद्ध माणसे कायमची पदपथावर आहेत. काही कुटुंबे झाबुआ-अलीराजपूरकडून मजुरीसाठी आलेली असून त्यांच्याबरोबर लहान मुले आहेत. आणि रुग्णालयाच्या बाहेर माळवा-निमाडच्या खेड्यांतून आलेले रुग्णांचे नातेवाईक चादरी अंथरून पडलेले असतात. या सर्वांना एकच जेवण चालेल का? स्वयंपाक जागेवर करावा की घरून करून न्यावा? कोणाची परवानगी लागते?

आमच्यात एक मतभेदही आहे, तो मोकळेपणाने मांडते. काही जणांचे म्हणणे असे की पुरी-भाजीची पाकिटे करून गाडीतून वाटत जावे, म्हणजे कमी वेळात जास्त लोकांपर्यंत पोहोचता येईल. मला स्वतःला मात्र लोकांना बसवून, पान मांडून, विचारून वाढावे असे वाटते. हा केवळ माझ्या भावनेचा प्रश्न आहे की त्याला व्यवहाराचाही काही आधार आहे, हे जाणून घ्यायला आवडेल.


अन्नपूर्णा रोड (उत्तर)

ताई, तुमच्या मतभेदापासूनच सुरुवात करतो, कारण बाकी सर्व गोष्टी त्या निर्णयावर अवलंबून आहेत. आमचा गट बरीच वर्षे हे काम करीत आहे आणि आम्ही दोन्ही पद्धती वापरून पाहिल्या आहेत. पंगतच बसवा. पाकिटे वाटताना गाडीभोवती गर्दी होते, त्या गर्दीत धट्टेकट्टे पुढे येतात, आणि ज्या आजीला उठवत नाही किंवा ज्या बाईच्या मांडीवर मूल झोपले आहे तिच्यापर्यंत पाकीट पोहोचतच नाही. शिवाय मिळालेले पाकीट माणूस लगेच खाईल असे नसते. उद्या मिळेल की नाही याची खात्री नसल्यामुळे तो ते उशाशी ठेवतो आणि सकाळी खातो, आणि उकाड्यात रात्रभर बंद राहिलेली बटाट्याची भाजी सकाळपर्यंत काय होते हे तुम्हां सुगरणींना सांगायला नको. पंगतीत गरम अन्न समोर येते, तिथेच खाल्ले जाते, आणि कोण किती जेवले, कोणाला चावता येत नाही, कोण आज आलेच नाही, हे वाढणाऱ्याला दिसते.

बसवायचे कसे, तर दोन लांब सतरंज्या किंवा ताडपत्र्या समोरासमोर अंथरा आणि मध्ये वाढप्याला चालता येईल एवढी वाट ठेवा. एका टोकाला पाण्याचे पिंप, साबण आणि हातावर पाणी घालायला एक माणूस असू द्या. आधी हात धुऊन बसायचे, मग पाने मांडायची, आणि सर्वांच्या पानात पडल्यावर जेवायला सुरुवात करायची, हा क्रम पहिल्या दिवसापासून पाळा. वाढणाऱ्याने वाकून, नाव माहीत असल्यास नाव घेऊन, नाहीतर बाबा, आजी, भैया असे म्हणून विचारावे, आणि दुसरी फेरी न चुकता फिरवावी. आपल्या पंगतीत जसा आग्रह असतो तसा आग्रह येथेही असावा. रस्त्यावरच्या माणसाला 'अजून थोडे घ्या' असे म्हणणारे कोणी नसते, आणि ते म्हटल्यावर चेहऱ्यावर जो फरक पडतो तो पाहिल्यावर तुमच्या गटातले पाकीटवाले आपण होऊन पळी हातात घेतील.

शंभर पानांनी सुरुवात करू नका. बारा माणसांत चाळीस-पन्नास पाने नीट वाढता येतात. आकडा वाढवण्याचा मोह पहिल्या महिन्यातच होतो, कारण लोक सांगत येतात की पलीकडच्या पुलाखाली आणखी वीस जण आहेत. त्या वेळी मन घट्ट करावे लागते. ज्या दिवशी जायचे त्या दिवशी, त्याच जागी, त्याच वेळी जाणे याला मी संख्येपेक्षा कितीतरी जास्त महत्त्व देतो. दिवस निवडतानाही विचार करा. मंगळवारी आणि शनिवारी मंदिरांबाहेर भंडारे असतात आणि त्यांत पुरी, बटाट्याचा रस्सा आणि नुक्ती, म्हणजे गोड बुंदी, हमखास मिळते. तुमचे जेवण सोमवारी किंवा बुधवारी ठेवलेत तर ते खरोखर उपयोगी पडेल. पुऱ्यांचा आग्रह सोडा, असेही मी याच कारणासाठी म्हणेन; या मंडळींच्या पोटात आधीच तेल फार जाते.

आमचा मुख्य पदार्थ मुगाच्या डाळीची मऊ खिचडी हा आहे. शंभर माणसांसाठी सहा किलो तांदूळ, तीन किलो मूगडाळ, चार-पाच किलो लाल भोपळा, गाजर, दुधी अशा भाज्या, साधारण पाऊण लिटर तेल आणि तीस-बत्तीस लिटर आधणाचे पाणी लागते. पातेले साठ लिटरचे हवे, म्हणजे ढवळायला जागा राहते. पन्नासांसाठी याच्या निम्मे धरा. मीठ एकदम घालू नका. नऊ किलो धान्याला तीनशे ग्रॅम घालून शिजल्यावर चव पाहा आणि मग वाढवा. पाणी उकळतेच घालावे, कारण एवढ्या मोठ्या पातेल्यात गार पाणी ओतले की आधण यायला वेळ लागतो आणि तोपर्यंत डाळ तळाशी बसून करपते. करपलेल्या खिचडीचा वास झाऱ्याने ढवळला की सगळ्या पातेल्यात पसरतो, म्हणून तळ लागल्याचा संशय आला तर ढवळू नये, वरचे हलकेच दुसऱ्या पातेल्यात काढून घ्यावे.

पोळीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. माळवा-निमाडच्या माणसाला कितीही भात वाढला तरी पोळी मिळाली नाही तर जेवण अर्धवट वाटते, हे आम्हांला जेवणाऱ्यांनीच सांगितले. त्यामुळे आम्ही एका आठवड्यात खिचडी आणि पुढच्या आठवड्यात पोळी, घट्ट वरण आणि भाजी असे ठरवले. पोळ्या एका जागी लाटत नाही. प्रत्येक घरातून तीस पोळ्या येतात. बारा घरे म्हणजे 360 पोळ्या, माणशी चार धरल्या तर नव्वद जणांना पुरतात. सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवल्या की त्यांना घाम सुटत नाही. ज्या घरातून कोणी रात्री बाहेर पडू शकत नाही, त्या घराचाही हात या कामाला लागतो, हा या पद्धतीचा मला सर्वांत आवडणारा भाग आहे.


सेवानिवृत्त अन्नसुरक्षा (उत्तर)

वरील उत्तर उत्तम आहे. मी फक्त अन्न बिघडण्याच्या बाजूने लिहितो, कारण चांगल्या हेतूने केलेल्या सार्वजनिक स्वयंपाकातून विषबाधा होण्याचे प्रसंग आपल्याकडे वरचेवर घडतात आणि त्यांचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते. अन्न शिजल्यापासून खाल्ले जाईपर्यंत ते कोमट अवस्थेत फार वेळ पडून राहते.

शिजलेले अन्न 60 अंश सेल्सिअसच्या वर किंवा 5 अंशांच्या खाली ठेवावे, या मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात, हा नियम पाठ करून ठेवावा. भातात बॅसिलस सीरियस नावाचा जिवाणू असतो. त्याचे बीजाणू शिजवल्यावरही मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांतून जे विष तयार होते त्यातला एक प्रकार पुन्हा उकळल्यानेही नाहीसा होत नाही. घट्ट वरण, छोले, राजमा यांच्या मोठ्या पातेल्यांत क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्सची हीच गत असते, कारण खोल पातेल्याच्या मध्यभागी अन्न तासन्‌तास कोमट राहते आणि तेथे हवा पोहोचत नाही. म्हणून सकाळी शिजवून संध्याकाळी नेणे, किंवा आदल्या रात्रीचे वरण गरम करून नेणे, या गोष्टी पूर्ण वर्ज्य समजाव्यात. आठ वाजता वाढायचे असेल तर सव्वासातपर्यंत गॅस बंद होऊ नये. अन्नात खुपसता येणारा तापमापक फार महाग नसतो. एक घ्या आणि निघताना व वाढण्यापूर्वी असे दोनदा तापमान पाहा. पातेल्याभोवती जाड गोधडी गुंडाळून झाकणावर वजन ठेवले तर तासभर उष्णता चांगली टिकते. त्याहून अधिक वेळ लागणार असेल तर उष्णतारोधक डबेच वापरावेत.

दही, पनीर, खोबऱ्याची चटणी, खीर, बासुंदी हे पदार्थ रस्त्यावरच्या जेवणात नसावेत. गोड द्यायचेच असेल तर गुळाचा खडा किंवा केळे द्या. पितळी पातेली वापरणार असाल तर कल्हई ताजी आहे का ते पाहा. कल्हई उडालेल्या पितळेत आमसुलाची किंवा चिंचेची आमटी कदापि करू नये. स्वयंपाक करणाऱ्यांपैकी कोणाला जुलाब, उलटी, ताप किंवा हातावर पिकलेली जखम असेल तर त्या दिवशी त्यांनी अन्नाला हात लावू नये, मग ती व्यक्ती कितीही ज्येष्ठ असो. प्रत्येक पदार्थाची वाटीभर बानगी स्वच्छ डब्यात तारीख लिहून दोन-तीन दिवस शीतकपाटात ठेवण्याची सवय लावा. काही तक्रार आलीच तर खरे कारण शोधता येते.

जागेवर स्वयंपाक करण्याच्या मी विरुद्ध आहे. रस्त्याची धूळ, वारा, लहान मुलांची धावपळ आणि शेगडीवर उकळते पातेले हे एकत्र येऊ नयेत. कोणाच्या तरी अंगणात किंवा मंगल कार्यालयाच्या स्वयंपाकघरात शिजवा. घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर फक्त घरगुती वापरासाठी असतो. सार्वजनिक स्वयंपाकाला 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा.

कायद्याबाबत थोडक्यात. अन्नसुरक्षा व मानके कायदा 2006 चा आहे आणि त्याखालील नियमांत धार्मिक किंवा सामाजिक प्रसंगी अन्न वाटणारेही लहान अन्न व्यावसायिकांच्या व्याख्येत येतात. नियमितपणे करणार असाल तर नोंदणी करून घ्या. ती ऑनलाइन होते आणि शुल्क नाममात्र आहे. लग्नसमारंभांतील उरलेले अन्न कोणी देऊ केले तर सावध राहा. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी 2019 चे स्वतंत्र विनियम असून ते 1 जुलै 2020 पासून लागू आहेत. मंडपात चार तास उघडे राहिलेले अन्न कितीही भारी असले तरी आपण स्वतः खाणार नाही, तर ते दुसऱ्याच्या पानात वाढण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे मी स्पष्टपणे म्हणतो.


परिचारिका (उत्तर)

राजेंद्रनगरकर ताई, तुम्ही तीन प्रकारची माणसे ओळखलीत, ही फार चांगली सुरुवात आहे. मी रुग्णालयात काम केलेली आहे, म्हणून जेवणाऱ्यांच्या प्रकृतीच्या बाजूने काही गोष्टी लिहिते.

पदपथावरच्या वृद्धांपैकी अनेकांना दात नसतात किंवा हिरड्या सुजलेल्या असतात. त्यांना पोळीच्या दिवशी वरणात पोळी कुस्करून द्यावी लागते, आणि ती आपण न विचारता कुस्करून न देता 'आजी, कुस्करून देऊ का?' असे विचारून द्यावी. तिखट बेताचे ठेवा. हवे त्याला हिरवी मिरची वेगळी द्या. मधुमेहाच्या गोळ्या रुग्णालयातून मिळालेल्या असतात, पण त्या घेतल्यावर वेळेवर जेवण मिळत नाही, आणि मग साखर एकदम उतरून माणूस घामाघूम होतो, बरळतो. असे दिसले तर तो दारू प्यायला आहे असे गृहीत धरू नका. शुद्धीवर असेल तर साखरेचे पाणी पाजा आणि 108 ला फोन करा. गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. बरेच दिवस उपाशी असलेल्या माणसालाही पहिल्याच पंगतीत आग्रह करून पोटभर वाढू नये. थोडे द्यावे, आणि फार अशक्त असेल तर रुग्णालयात न्यावे. आधीच्या उत्तरातील आग्रहाला माझी एवढीच पुस्ती आहे.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेली माणसे तुम्हांला भेटतीलच. क्षयरोगाची तपासणी आणि औषधे सरकारी रुग्णालयात विनामूल्य आहेत, आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी निक्षय पोषण योजनेतून दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर 2024 पासून 500 ऐवजी 1,000 रुपये झाली आहे. ती बँक खात्यात जमा होते, आणि पदपथावरच्या माणसाचे खातेच नसते, ही खरी अडचण आहे. तुमच्यापैकी जे निवृत्त बँक कर्मचारी असतील त्यांनी महिन्यातून दोन जणांची कागदपत्रे मार्गी लावली तरी तुमच्या जेवणाइतकेच मोठे काम होईल. एकटे फिरणारे मूल दिसले तर 1098, आणि निराधार वृद्धांसाठी 14567 हे क्रमांक वाढप्यांच्या फोनमध्ये असू द्या.

रुग्णांच्या नातेवाइकांबद्दल माझे मन फार अडकलेले असते. त्यांच्यापैकी अनेकांना घर आहे, शेत आहे. ते बेघर नाहीत, पण त्या आठवड्यात मात्र उघड्यावर आहेत आणि हातचा पैसा औषधांत जातो. ती माणसे रांगेत उभी राहायला लाजतात. पंगतीत बोलावले तर येतात. त्यांना आत रुग्णाजवळ परतायची घाई असते, म्हणून त्यांची पंगत आधी बसवा. एक विनंती मात्र कळकळीची आहे : कोणाचेही छायाचित्र काढू नका. ज्याची मुलगी वॉर्डात आजारी आहे अशा बापाला आपण फुकट जेवताना गावात कोणी फोनवर पाहिले हे सहन होत नाही.


सुदामानगर (उत्तर)

मला येथे थोडा वेगळा विचार मांडावासा वाटतो. कोणाचाही उत्साह कमी करण्याचा हेतू नाही. उघड्यावर राहणाऱ्या माणसाचा पहिला हक्क निवाऱ्याचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनुसार शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास उघडा असणारा निवारा असायला हवा, आणि राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्यासाठी निधीची तरतूद झाली. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 17.7 लाख बेघर नोंदले गेले होते. आपण पदपथावरच गरम जेवण देत राहिलो तर माणूस रैनबसेऱ्यात, म्हणजे बेघरांसाठीच्या रात्रीच्या निवाऱ्यात, जाण्याऐवजी पदपथावरच राहतो, अशी मला भीती वाटते. त्यापेक्षा तुमचे पातेले रैनबसेऱ्यात का नेऊ नये? तेथे छप्पर आहे, नळ आहे, शौचालय आहे.

दुसरी गोष्ट प्रशासनाची. इंदूर जिल्हा प्रशासनाने 1 जानेवारी 2025 पासून भीक देणाऱ्यांवरही गुन्हा नोंदवण्याची भूमिका जाहीर केली होती. ठरलेल्या जागी बसवून जेवू घालणे हे माझ्या मते त्यात बसत नाही, पण केवळ आपल्या मतावर विसंबून राहू नका. महानगरपालिकेच्या विभागीय कार्यालयात आणि संबंधित पोलीस ठाण्यात दिवस, वेळ, जागा आणि जबाबदार व्यक्तींची नावे असलेले लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. दुपारच्या जेवणासाठी राज्य सरकारची स्वस्त थाळीची दीनदयाल रसोई योजना आहे. 2017 मध्ये ती 5 रुपयांच्या थाळीने सुरू झाली, मध्यंतरी थाळी 10 रुपयांची झाली आणि 2023 मध्ये पुन्हा 5 रुपयांवर आली. ज्याला ती कोठे आहे हे माहीत नाही त्याला ते सांगणे हीसुद्धा मदतच आहे. दुपार तेथे भागते, म्हणून तुम्ही रात्रीची वेळ निवडली आहे ती योग्यच आहे.


अन्नपूर्णा रोड (उत्तर)

सुदामानगरकर काका, आपला निवाऱ्याचा मुद्दा मला मान्य आहे आणि आम्ही महिन्यातून एक पंगत रैनबसेऱ्यातच बसवतो. परंतु जे तेथे जात नाहीत त्यांची कारणे त्यांच्याशेजारी बसून जेवल्यावर कळतात. हातगाडी असलेला माणूस ती रस्त्यावर सोडून आत झोपू शकत नाही, कारण सकाळी ती जागेवर राहील याची त्याला खात्री नसते. मजूर कुटुंबात नवरा एका खोलीत आणि बायको-मुले दुसरीकडे झोपवली जातात, ते त्यांना नको असते. पहाटे मजूर चौकात उभे राहावे लागते आणि निवारा तेथून लांब असतो. एखादा माणूस अनेक वर्षांपासून त्याच दुकानाच्या ओट्यावर झोपतो, दुकानदार त्याला ओळखतो, आणि तेवढीच ओळख त्याच्या पदरी असते. अशा माणसाला पहिल्या भेटीत 'निवाऱ्यात चला' म्हटले तर तो पुढच्या वेळी आपल्याला टाळतो. आठ-दहा पंगतींनंतर मात्र तोच विचारतो की थंडीत तेथे जागा मिळेल का. आमच्या ओळखीतले जे लोक आत गेले ते याच वाटेने गेले. जेवणामुळे माणूस पदपथावर टिकून राहतो, असे आम्हांला दिसलेले नाही.

पत्राबाबतची आपली सूचना मात्र अक्षरशः पाळावी. पोच घेतलेल्या पत्राची प्रत वाढणाऱ्यांपैकी एकाच्या पिशवीत कायम असावी.


राजेंद्रनगरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज संध्याकाळी आमची बैठक झाली आणि आपली उत्तरे सर्वांना वाचून दाखवली. सोमवार, रात्री आठ, चाळीस पाने, पंगत आणि पहिल्या महिन्यात फक्त खिचडी, एवढे ठरले आहे. पाकिटांचा आग्रह धरणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांनी पाण्याच्या पिंपाची जबाबदारी स्वतःकडे घेतली, याचा मला विशेष आनंद झाला. दोन शंका अजून आहेत. पानांचे आणि उष्ट्याचे काय करायचे? आणि पावसाळ्यात काय?


अन्नपूर्णा रोड (उत्तर)

ताई, एकदाच वापरून टाकायच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले आणि चमचे यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे, तेव्हा तो प्रश्नच नाही. पळसाच्या पानांच्या पत्रावळी वापरा, पण मऊ खिचडी त्यांच्या सांध्यांतून गळते आणि वाऱ्याने रिकामी पत्रावळ उडते. खिचडीच्या दिवशी खोल द्रोण घ्या, आणि पोळीच्या दिवशी पत्रावळीवर आधी थोडे पाणी शिंपडा. पाण्यासाठी स्टीलचे पेले न्या. ते घरी नेऊन उकळत्या पाण्यातून काढता येतात. स्टीलची ताटे दिसायला छान आहेत, परंतु रस्त्यावर ती नीट धुण्याइतके पाणी नसते आणि अर्धवट विसळलेले ताट दुसऱ्याला देणे चुकीचे आहे.

कचऱ्याबाबत इंदूरकरांना नव्याने काय सांगणार? सतरंजी उचलण्यापूर्वी ओला आणि सुका कचरा दोन वेगळ्या पोत्यांत भरून बरोबर आणा आणि सकाळी घराशी येणाऱ्या पालिकेच्या गाडीत द्या. पत्रावळी, द्रोण आणि उष्टे ओल्यात टाका. ते देवगुराडियाच्या प्रकल्पात गॅस करण्यासाठी जाते; 2022 मध्ये सुरू झाला तेव्हा त्याची क्षमता दिवसाला 550 टन ओला कचरा घेण्याची होती. जागा आपण आलो होतो त्याहून स्वच्छ ठेवली तर आसपासचे दुकानदार तक्रार करत नाहीत, हा आमचा रोजचा अनुभव आहे. किंबहुना ज्या दुकानदाराने पहिल्या महिन्यात नाक मुरडले होते तोच आता आम्हांला विजेचा दिवा लावून देतो.

पावसाळा सर्वांत कठीण असतो, आणि त्याच वेळी जेवणाची गरजही सर्वांत जास्त असते, कारण मजुरी बुडते, भंडारे कमी होतात आणि चूल पेटवायला कोरडी जागा उरत नाही. पंगत रद्द करू नका. जूनच्या आत दुकानांचे लांब ओटे, पुलाखालची कोरडी जागा किंवा एखादे मंगल कार्यालय पाहून, मालकांशी बोलून पर्यायी जागा ठरवून ठेवा आणि ती जेवणाऱ्यांना दोन-तीन सोमवार आधीपासून सांगत राहा. छत फक्त वीस जणांचे असेल तर वीस-वीसच्या दोन पंगती बसवा; दुसरी पंगत बसेपर्यंत खिचडी गरम राहावी म्हणून पातेली एकाऐवजी दोन न्या आणि दुसऱ्याचे झाकण मध्ये उघडू नका. पहिल्या सोमवारी मदतीला माणूस हवा असल्यास येथे कळवा, मी सव्वासातला तुमच्या अंगणात पोहोचेन.